ओडिलोच्या विधवेचं कबूतर

स्पेनमधल्या बार्सिलोनापासून बेल्जियममधल्या आमच्या आल्स्टपर्यंत, कबुतराच्या सरळ वाटेनं, हजार ऐंशी किलोमीटर. काल सकाळी तिकडे शर्यतीच्या कबुतरांच्या टोपल्या उघडल्या, म्हणजे दमदार पक्षी आज आठ-नऊपर्यंत घरी. मी गोडेलिव्हवहिनींच्या अंगणात मान वर करून उभा होतो.

वहिनींना शर्यतीचं काही नव्हतं. फिर्मेनला हरवायचं होतं. फिर्मेन त्यांचा शेजारी आणि आमच्या कबूतर मंडळाचा चिटणीस. तीन वर्षांपूर्वी त्यानं भर सभेत वहिनींच्या नवऱ्यावर, ओडिलोवर, शर्यतीचं घड्याळ मागे फिरवल्याचा खोटा आळ घेतला. मंडळानं नाव कापलं. त्याच हिवाळ्यात ओडिलो गेला. डॉक्टरांनी काहीही लिहू दे, माणूस लाजेनं गेला.

सव्वाआठला वहिनींचा पक्षी आला. कौलांवर बसला, तो बसलाच. पायातली रबरी कडी काढून शर्यतीच्या घड्याळात टाकली आणि चावी फिरवून वेळ उमटवली तरच ती धरतात. छपरावरच्या पक्ष्याला कोण विचारतो?

"वहिनी, तुमचा झगा!" मी कुजबुजलो.

खुराड्यात जाताना त्या रोज राखी डगला घालत. आज सूड उगवायचा म्हणून लालभडक झगा शिवून घेतलेला. ही परकी बाई कोण, पक्ष्याला कळेना.

फिर्मेनला राहवलं नाही. स्वतःचं खुराडं सोडून तो कुंपणाशी आला. "काय बाई, लग्नाला निघालात वाटतं? पक्षी लाजला की!"

वहिनी उसळणार, तोच त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली. माझीही गेली. फिर्मेनची निळी मादी त्याच्या खुराड्याच्या फळीवर उतरली आणि तुरुतुरु आत गेली. त्याची बायको बाजारात. कडी काढायला घरात कुणी नव्हतं.

वहिनींचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला. "फिर्मेन, त्या दिवशी सभेत तुम्ही नेमकं काय बोललात हो? मी नव्हते ना."

गडी फुलला. "मी? म्हटलं, चोराच्या घड्याळात देवसुद्धा वेळ बघत नाही!"

"अगंबाई! आणि ओडिलो काय म्हणाला?"

"तो काय म्हणणार? बायकोसारखा रडला!"

वहिनींनी पाठीमागून मला बोटानं खुणावलं. मी डगला आणून दिला. झग्यावरूनच तो चढवत, एकेक बटण लावत त्या म्हणाल्या, "हं, पुढे?" मग वाटाण्यांचा डबा खुळखुळवला. पक्षी झेपावून थेट आत. कडी निघाली, घड्याळात पडली, चावी फिरली.

"फिर्मेन," वहिनी म्हणाल्या, "तुमची निळी केव्हाचीच आलीये. दहा मिनिटं तरी झाली."

तो असा पळाला की एक लाकडी बूट कुंपणाशी चिखलातच राहिला.

पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर सगळे गुत्त्यात जमले. निकाल चिटणीसानंच वाचायचा, हा आमचा रिवाज. वहिनींनी नाव नोंदवलं होतं ते असं, आणि फिर्मेनला तसंच वाचावं लागलं, "पहिला क्रमांक... ओडिलोची विधवा."

"मागे ऐकू आलं नाही," वहिनी म्हणाल्या.

त्यानं पुन्हा वाचलं.

"आता उभं राहून."

अपराध्यांना क्षमा करावी, हे मी अर्ध्या तासापूर्वीच देवळात गळा मोकळा सोडून गाऊन आलो होतो. देवा, खोटं कशाला बोलू? टेबलावर पेला आपटून मीच सगळ्यात मोठ्यानं ओरडलो, "उभं राहून!"