हाताला न लागलेली कास

लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासऱ्यांनी तिचं नाव ‘थर्मामीटर’ पाडलं. गाईच्या कासेला नुसता हात लावून ती म्हणाली होती, “मामंजी, हिला उद्या ताप भरणार.” आणि भरला. तेव्हापासून तेवीस वर्षं अकरा गाईंच्या धारा दोन्ही वेळा तिनेच काढल्या. नवऱ्याची कंबर चाळिशीतच गेली होती. धारेला बसणं त्याला जमायचं नाही, तो चारापाणी बघायचा.

दोन वर्षांपासून तिच्या बोटांना मुंग्या येत होत्या. हातातून कप निसटायचे. नवरा विचारी तेव्हा ती म्हणायची, “धसमुसळीच आहे मी.” एक माणूस आधीच मोडून बसलेला, दुसऱ्याचं रडगाणं कुणाला सांगायचं?

एके दिवशी संध्याकाळी तांबडीच्या दुधात रक्ताच्या गुठळ्या आल्या. सडाला हात लावू देईना. गुरांचे डॉक्टर आले, कास चाचपून म्हणाले, “वहिनी, दगडी झालीये, कास सुजलीये. आजची नाही ही, दोन दिवस तरी झालेत. हाताला कडक लागली नाही?”

“लक्ष गेलं नसेल.”

“हिचं?” नवरा म्हणाला. “हिचं लक्ष नाही असं कधी झालंय?”

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “डोळे मिटा. हात द्या.” पेनाच्या टोपणाने त्यांनी एक बोट दाबलं. “कुठलं?”

“अंगठा.”

तिने डोळे उघडले. टोपण मधल्या बोटावर होतं.

“मनगटातली शीर दबलीये,” डॉक्टर म्हणाले. “माणसांच्या डॉक्टरला दाखवा, पण ऑपरेशनच सांगतील. पन्नाशीच्या आत कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाचे हात. आठवड्याला एक तरी गोठा बंद झालेला बघतो मी.”

तांबडी तिसऱ्या दिवशी गेली.

“मशीन आणू,” नवरा म्हणाला. “हाताचं काम उरणार नाही.”

“मशीन दूध काढेल. पण गाय दुखणाईत आहे हे मला कोण सांगणार? अजून एक मारायचीय का माझ्या हातून?”

तो गाईंसाठी गिऱ्हाईक शोधायला लागला. पंधरा दिवसांनी मोठ्या डेअरीवाल्याचा ट्रक उरलेल्या दहा गाई न्यायला आला. कोणती लाथ मारते, कोणती अंधाराला बुजते, कुणाला वासरू समोर लागतं, सगळं तिने ड्रायव्हरला सांगितलं. तो “हो हो” करत दोर आवळत होता. त्या डेअरीत दोनशे जनावरं होती. हे सगळं कोण लक्षात ठेवणार, हे तिलाही कळत होतं. तरी ती बोलत राहिली, ट्रक सुरू होईपर्यंत.

ऑपरेशन झालं तेव्हा तिला पंचेचाळिसावं लागलं होतं. मुंग्या थांबल्या, पण दोन बोटांची जाण परत येईलच असं नाही, सर्जनने आधीच हात झटकले होते. शेजारच्या खाटेवर तिच्याहून लहान बाई होती, तिच्याही उजव्या मनगटाला बँडेज.

“तुमच्या किती?” त्या बाईने विचारलं.

“अकरा. तुमच्या?”

“सात. परवाच ट्रकने गेल्या.”

नर्सने चहा आणून ठेवला. दोघींनी डाव्या हाताने कप उचलले आणि भिंतीकडे बघत चहा घेतला.