पान एकसष्ट

"तुमच्याकडे कुणीच का येत नाही?"

विचारलं तेव्हा टिल्डेचे डोळे पुस्तकातून बाहेर लोंबणाऱ्या लाल लोकरीच्या धाग्यावर होते. खुणेला घातलेला, टोकाशी पिंजारलेला... होल्बेकबाईंना आता दिसत नाही, तरी त्यांच्या डोळ्यांकडे बघून असलं काही विचारता येत नाही. प्रश्नही तिचा नव्हता, वर्गातल्या सिग्नेचा होता. सायकली लावताना मैत्रिणींनी पैज घातली होती — एवढी धीट झालीयस ना, मग विचारून दाखव. आणि धीट तर ती झालीच होती. या वर्षी वर्गात सगळ्यांत छान मोठ्याने वाचणारी तीच, आणि म्हणून तर दर गुरुवारी शाळा सुटली की या वृद्धनिवासात, कॉफीच्या आणि ओल्या लोकरीच्या वासात, एक्याण्णव वर्षांच्या या बाईसमोर वाचायला. सगळं स्वेनबोर्ग गाव एकमेकांना नावाने, 'तू' म्हणून हाक मारतं. बाईंना मात्र पहिल्याच दिवसापासून आडनाव हवं होतं आणि 'तुम्ही' हवं होतं.

"दीपगृहवाल्याच्या बायकोचं नाव काय?" होल्बेकबाई म्हणाल्या.

"कुठल्या?"

"जिच्याबद्दल आत्ता अर्धा तास वाचलंस."

टिल्डे पान उलटायला लागली.

"बघू नकोस. सांग."

बोट, वादळ, एक कुत्रा... कुत्र्याला तिने घोगरा आवाज दिला होता, तो झकास जमला होता. पण नाव?

"एकसष्टाव्या पानापासून वाचतेस," बाई म्हणाल्या, जणू साखर किती विचारताहेत. "गेले चार गुरुवार. तू गेलीस की मी पानं मोजते आणि धागा मागे घालते. बोटांना येतं अजून तेवढं. म्हटलं, कधी लक्षात येतंय बघू."

आणि मला वाटत होतं मी सुधारतेय. दर आठवड्याला वाक्यं जास्त सराईतपणे येत होती, श्वास नेमका पडत होता, घरी मी आरशात बघून हसलेसुद्धा होते — थेरडे, सांगितलं का नाहीस?

"हे दुष्टपणाचं आहे," ती मोठ्याने म्हणाली.

"आहेच. तू वाचतेस सुरेख. ऐकत मात्र नाहीस. माझा मुलगाही असाच यायचा, दर रविवारी, केक घेऊन, आणि स्वतःचंच बोलणं ऐकत बसायचा. त्याला मीच सांगितलं, येऊ नकोस. मिळालं उत्तर? जा, सांग मैत्रिणींना."

"मैत्रिणींचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझा स्वतःचा प्रश्न एवढा चांगला नसता."

टिल्डेने पुस्तक मिटलं. मिटताना धागा ओढून काढला, मुठीत घेतला आणि अच्छा न म्हणता निघाली. आता शोध म्हणावं पान.

बंदराकडून समोरून वारा येत होता, सायकल पुढे सरकत नव्हती, आणि ती मनातल्या मनात बाईंना एकेक उत्तर देत होती, सगळी उशिरा सुचलेली, सगळी धारदार... मध्येच चढावर तिला वादळ आठवलं. वादळात ती बायको दार उघडं ठेवते. का ठेवते? चार वेळा मी तोंडाने म्हटलंय ते, दार उघडं ठेवते, आणि दर वेळी माझ्या डोक्यात हँडबॉलचा सामना होता. बोटाला घट्ट गुंडाळलेला धागा रुतून बोट पांढरं पडलं होतं.

घरी बाबा बटाटे सोलत होते. आई म्हणाली, "वृद्धनिवासातून फोन होता. पुढच्या आठवड्यात तुझा फोटो काढणार आहेत, वाचताना. गावच्या पेपरात."

"फोटो नकोय."

"अगं, इतके गुरुवार न चुकता गेलीस. तुझ्या वयाची किती मुलं..."

"मी चार गुरुवार काहीच वाचलेलं नाहीये."

बाबांनी सुरी ठेवली. "त्या बाई काही बोलल्या का? तर मग नको जाऊस, पिल्लू. दुसरं कुणीतरी मिळेल, प्रेमळ."

प्रेमळ. प्रेमळ माणसाने धागा हलवला नसता. टिल्डेने तसंच शेवटच्या पानापर्यंत वाचलं असतं, फोटोही काढून घेतला असता...

"मला ती आवडत नाही," टिल्डे म्हणाली. "तिलाही मी आवडत नाही. आणि गुरुवारी मी जाणार आहे. पहिल्या पानापासून."