विषाच्या आधी

अर्धी गोळी. निळ्या नायलॉनच्या दोऱ्यात अडकलेली, पिवळट, कडेला दातानं तोडल्यासारखी – मृणालिनीनं ती नखानं उकरली तशी खालून दुसरी निघाली, मग आणखी एक... जाळं विणायच्या सुयांचा हा डबा बाबा चौकच्या कोळीवाड्यातल्या घरातून इथं सिल्व्हर पार्कच्या फ्लॅटवर घेऊन आले, तेव्हा त्यात सुया आणि दोरा यांखेरीज काही नव्हतं. म्हणजे रोज सकाळी मी तळहातावर ठेवते ती गोळी हा माणूस अर्धीच गिळतो. आणि पाय असे एकाएकी का जखडले म्हणून मी डॉक्टरांवर डाफरतेय.

काशीनाथ बाल्कनीत बसले होते. उजवा हात मांडीवर आपला आपण थरथरत होता.

"बाबा, हे काय?"

त्यांनी डब्याकडे पाहिलं. कंपवातानं आवाजही बारीक झाला होता. "तुजा औषद येनार हाय ना गो. जुना अंगात भरलेला आसला तर नवा कसा लागंल? नवा रंग द्यायच्या आदी होडी खरवडाया लागते."

तुजा औषद. पेपरातल्या त्या बातमीनं घात केला – मेंदूच्या पेशी वाचवणारं संयुग, मीरा रोडच्या संशोधिकेचा, म्हणजे तिचा, वाटा – आणि मग चौकच्या ग्रुपवर फोटो, सोसायटीची शाल, लिफ्टमध्ये शेजारणीचं 'पापा अब ठीक हो जायेंगे'. कुणी विचारलं का, पेशी वाचल्या कुणाच्या? उंदरांच्या. आणि औषध दिलं कधी? विषाच्या आधी. पेशीवरची विष शिरायची जागा आधी औषधानं अडवायची, मग उंदरांत हाच आजार आणणारं विष टोचायचं, मग पेशी तगतात, आणि सगळे टाळ्या वाजवतात. ज्या उंदरांना विष आधी आणि औषध मागून दिलं, त्यांचं काय? सूक्ष्मदर्शकाखाली तिनंच पाहिलं होतं, पेशी असायच्या तिथं नुसती कोरी जागा... एकही वाचली नव्हती. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तो गटच शोधनिबंधातून वगळला. "त्याचा वेगळा पेपर करू, मृणालिनी." वेगळा पेपर! आजार व्हायच्या आधी औषध मागायला कोण येतो या जगात? माझा बाप आला होता?

आणि आज सकाळी त्याच सरांचा फोन – पेपरवाल्यांना वडिलांसोबत तुझा फोटो हवाय, लोकांना भिडतं. तिच्या तोंडात शिवी आली होती, अस्सल चौकची, आणि बाहेर पडलं ते "हो सर". सरांचा राग, पेपरवाल्यांचा राग, अर्ध्या गोळ्या लपवणाऱ्या या हट्टी म्हाताऱ्याचा राग... तिनं डबा आपटून बंद केला.

"ते औषध तुमच्यासाठी नाही, बाबा. आजार व्हायच्या आधी दिलं तरच लागू पडतं. तेही उंदरांना. नंतर देऊन काही उपयोग नाही."

बोलली, आणि लगेच वाटलं, इतकं तोडून बोलायला नको होतं. पण मऊ करून सांगायचं तरी कसं?

काशीनाथांनी डबा आपल्याकडे ओढून घेतला.

"पेपरात तसा न्हाय लिवला?"

"नाही."

"तुला ठावं व्हता?"

खाली भंगारवाला ओरडत गेला. ती आत गेली, पाणी आणलं, अख्खी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. हात थरथरत होता, गोळी तळहातावर नाचत होती, पण त्यांनी ती तोंडात टाकली नाही. ते तिच्याकडे बघत होते – ती शाळेत असल्यापासून घरात आलेलं प्रत्येक सरकारी पत्र, प्रत्येक औषधाची चिठ्ठी तिनं वाचून दाखवली होती आणि तिचं बोलणं त्यांनी कधी पारखून घेतलं नव्हतं. आज घेत होते.

"ही तरी लागते का गो?"

"हो," ती म्हणाली. ते खरंच होतं. पण सकाळी फोनवर सरांना दिलेला तो 'हो' असाच होता, याच आवाजातला, आणि दोन्हींतला फरक बाबांना कशावरून कळावा, हे तिला सांगता येईना.