नंदाबाईचा शंकू

गवंडीकाम करणाऱ्या नंदाबाईने सकाळीच मुलींच्या शाळेच्या अंगणात काठी ठोकली, तिला सुतळी बांधून भोवती गोल आखला आणि सावलीचं टोक गोलाला टेकलं तिथे खिळा रोवला. शिवशंकर गुत्तेदाराने कपाळाला हात लावला.

"उद्या उद्घाटनाला पाहुणे येऊन राह्यले, अन् तुम्ही हा काय खेळ मांडला?"

"सावलीचं घड्याळ वाकडं बसलं, मालक. दुपारून सावली परत गोलाला टेकंल. दोन खुणा जोडल्या की खरं पूर्व-पश्चिम."

"मी मोबाइलवर दिशा बघितल्ती ना!"

"बाजूला सळयांचा ढीग व्हता. मोबाइलचा काटा लोखंडाला भुलतो."

शिवशंकरने हजेरीत खाडा लावायची धमकी दिली. नंदाबाई ढिम्म हलली नाही. घड्याळाची तबकडी काल तिनेच, त्याच्या शब्दावर विसंबून, सिमेंटात बसवली होती. तिच्या गवंडी बापाने बांधलेली एक भिंत अख्ख्या धावडा गावात तिरपी निघाली नव्हती. तिच्या हातचं घड्याळ पोरींना रोज खोटी वेळ सांगणार, हे तिला खपण्यासारखं नव्हतं. ती उन्हात तशीच बसून राहिली.

चारच्या सुमारास सावली पुन्हा गोलाला भिडली. तिने दुसरा खिळा रोवून सुतळी ताणली, गुण्या लावून काटकोन काढला. तबकडीवरचं उभं पातं त्या उत्तर-दक्षिण रेषेपासून चांगलं चार बोटं सरकलेलं होतं.

"कुठं शिकलात हे?" मुख्याध्यापिका रूपाली मॅडमनी वाकून विचारलं.

"बापाकडून. पाया असाच काढायचा त्यो."

मॅडमनी शेजारच्या पाटीकडे बोट केलं. तिच्यावर आर्यभट, वराहमिहिर, भास्कराचार्य अशी नावं कोरली होती.

"आकाश मोजणारी ही माणसंसुद्धा अशीच काठी रोवायची. शंकू म्हणायचे तिला."

"मंग आमच्याच धंद्यातले म्हणायचे," नंदाबाई म्हणाली.

शिवशंकर हसला.

"सगळं बराबर हाय. पण उद्याचं उरकू द्या. कोणाला कळतंय?"

मॅडम पाटीवरची धूळ पुसू लागल्या. पत्रिका वाटून झाल्या होत्या, जालन्याहून शिक्षण खात्याचे साहेब उद्घाटनाला यायचे होते. नंदाबाई काय समजायचं ते समजली. तिचं डोकंच फिरलं. पदर खोचून तिने पहार उचलली आणि तबकडीच्या बुडाशी घाव घातला. कालचं सिमेंट तडकलं. तिने दुसरा घातला. शिवशंकर ओरडत धावला, पण पहारीच्या जवळ जायची त्याची छाती झाली नाही.

"काढा मला कामावरून," ती धापा टाकत म्हणाली. "माझ्या हातचं खोटं हितं ऱ्हाणार न्हाई."

मॅडमनी मोबाइल कानाला लावला. आता हिची तक्रार जाणार, म्हणून शिवशंकर जरा सावरून उभा राहिला.

"नमस्कार साहेब. उद्या उद्घाटन नाही, घड्याळ बसवायचंय. कपडे साधेच घालून या. नंदाबाई सांगतील तशी तबकडी धरावी लागेल."