एक हिशोब, तीन यंत्रं

सकाळपासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती. पुराचा अंदाज एकाच प्रोग्रामने तीन वेगवेगळ्या यंत्रांवर एकसारखा काढून दाखवायचा, तोही दुपारच्या जेवणाआधी. नाहीतर कचेरीच्या प्रमुख मॅडम बाहेरून तयार प्रोग्राम विकत घेणार आणि बाबांचा कायमचा मोडीत निघणार. तो त्यांनी याच कचेरीत लिहिला होता. बाबा जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

त्यांच्या काळी यंत्र एकच, एका वेळी एकच काम करणारं. आता काचेच्या खोलीत तीन जातींची यंत्रं घुमत होती: एक साधं, एक हजारो कामं एकदम उरकणाऱ्या ग्राफिक्स कार्डांचं, आणि एक नुकतंच आलेलं, सगळ्यांहून न्यारं. आजवर प्रत्येकासाठी प्रोग्राम वेगळा लिहावा लागे. चूक एक, दुरुस्ती तीन ठिकाणी. नवं काही सुचायला कुणाला उसंतच नसे. तिने गणित एकदाच लिहिलं आणि काम वाटून कसं द्यायचं, तेवढंच प्रत्येक यंत्रापुरतं बाजूला काढलं.

साध्या यंत्रावर झकास चाललं. कार्डांवर मात्र दर वेळी नवं उत्तर.

"हे यंत्र आहे की ज्योतिषी?" शेजारच्या टेबलावरून काका म्हणाले. काका म्हणजे बाबांचे जुने सहकारी. "अगं, तुझ्या बाबाचं गणित त्या काळाचं. किती ताणशील?"

"गणित म्हातारं होत नाही, काका. खुर्ची इकडे ओढा."

दोघं पडद्यावर वाकले. नदीचे बारीक चौकोन पाडलेले. प्रत्येक चौकोन शेजाऱ्यांच्या पाण्याची पातळी बघून आपली ठरवणार आणि त्याच तक्त्यात जुना आकडा खोडून नवा लिहिणार. तिचं बोट थबकलं. चौकोन रांगेने आले तर ठीक. पण हजारो एकदम लिहायला लागले, तर कुणाच्या हाती शेजाऱ्याचा जुना आकडा लागेल आणि कुणाच्या नवा, याचा नेम नाही.

"हे बाबांचं नाही," ती म्हणाली. "वाचतोय त्यावरच लिहायचं नाही, असं ते मला नेहमी..."

काकांनी चष्मा पुसला. "दोन तक्ते होते. एक वाचायला, एक लिहायला. दुसरा मीच उडवला. मेमरी तेव्हा सोन्याच्या भावाची, आणि दोन तक्ते ती दुप्पट खायचे."

"बाबा काही बोलले नाहीत?"

"बोलतोय कसला. आठवडाभर माझ्याबरोबर चहा प्यायला नाही."

ती खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी. मग दुसरा तक्ता परत आणायला बोटं सुटली ती थांबेनात.

"तिन्हीकडे बदलायचं म्हणजे संध्याकाळ होईल," काका म्हणाले.

"एकाच ठिकाणी बदलायचं. झालंसुद्धा."

साध्या यंत्राने उत्तर दिलं. कार्डांनी तेच दिलं. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. नव्या यंत्राचं आलं तेव्हा काका उभेच राहिले होते: शेवटच्या दशांशातला फरक सोडला, तर अगदी तेच. मागच्या पुरात प्रत्यक्ष मोजलेल्या पातळीशीही ते जुळत होतं.

मॅडम आल्या. तिन्ही यंत्रांवर त्यांनी स्वतः चालवून पाहिलं.

"बाहेरच्यांना नको म्हणून कळवते," त्या म्हणाल्या. "पुढे आणखी एका जातीचं यंत्र घ्यायचं म्हणतोय. जमेल?"

"त्याची माहिती आजच पाठवा ना."

"आधी जेव, बाई," काका म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढे. बाबांचा प्रोग्राम आहे. एकटा कसा सोडू?"