टाकी बांधणाऱ्या बाईचा फोटो

रिसोडच्या बसस्टँडसमोर हेमसिंगचा फोटो स्टुडिओ आहे. मोबाईल आल्यापासून लग्नाची गिऱ्हाइकं गेली, पासपोर्ट फोटोवाले तेवढे राहिले. पण हेमसिंग कपाळाला हात लावून बसणाऱ्यांतला नव्हता. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यानं यूट्यूबवर बघून बघून फोटो सुधारायचं एआय सॉफ्टवेअर शिकून घेतलं. हललेले, अंधुक, पावसानं भिजलेले फोटो घेऊन लोक यायचे आणि कुणाचा बाप, कुणाची आजी स्पष्ट करून घेऊन जायचे. तालुक्यात त्याचं नाव झालं. नावामागून घमेंडही आली. खोटं कशाला बोला, ती त्याला शोभायचीही.

जुलैच्या शेवटी एक दिवस विमलबाई आल्या. पासष्टीच्या, उंच, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी कॅरीबॅगमधून एक फोटो काढून काउंटरवर ठेवला.

"हेमसिंग, वळखलं का मले?"

त्यानं ओळखलं. पंचवीस वर्षांपूर्वी त्या इथून पाच कोसांवरच्या एका गावाच्या सरपंच होत्या. गावाला पाण्याची टाकी त्यांच्या काळात झाली. त्यासाठी त्यांनी जिल्हा परिषदेत चकरा मारून चपला झिजवल्या होत्या.

त्यांचं काम साधं होतं आणि गोष्ट विचित्र. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आजवरच्या सगळ्या सरपंचांचे फोटो होते. विमलबाईंचं नाव होतं, कारकिर्दीची वर्षं होती, आणि नावाच्या वर फोटो होता त्यांच्या नवऱ्याचा, जानरावांचा. मिशांसकट. फ्रेम बनवणाऱ्यानं कधीतरी घरी फोटो मागितला आणि जानरावांनी आपला दिला, एवढंच झालं होतं. सही बाईंची, खुर्ची जानरावांची, असाच कारभार लोकांनी बघितलेला, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. जानरावांना तर मुळीच नाही. एवढी वर्षं ते त्या फोटोखालीच बसून पेपर वाचत होते.

आता ग्रामपंचायतीची नवी इमारत झाली होती. पंधरा ऑगस्टला सगळे फोटो नव्या भिंतीवर लागणार होते. आताची सरपंच साधना विमलबाईंना म्हणाली होती, "तुमच्या टायमाचा फोटो आना, जानरावबुवाले मी सोता खाली उतरवीन." नाही मिळाला, तर जुनाच फोटो नव्या भिंतीवर जाणार, असं मासिक सभेत ठरलं होतं.

"आताच काढू ना नवा फोटो," हेमसिंग म्हणाला. "पाच मिनिटाचं काम."

"अन् सगळे सरपंच काळ्या केसाचे, मी एकटीच पांढऱ्या केसाची? लोकं म्हनतीन, हे सरपंचाची आजी हाये." विमलबाईंनी काउंटरवरच्या फोटोवर बोट ठेवलं. "टाकी बांधली तवा जशी होती, तशी पायजे मले."

फोटो टाकीच्या उद्घाटनाचा होता. पुढे जानराव, हातात कात्री, मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा इतके स्पष्ट. त्यांच्या खांद्यामागे एक बाई, पाण्याखालून दिसावी तशी. घरात होते ते सगळे फोटो असेच, असं विमलबाईंनी सांगितलं.

हेमसिंगनं फोटो उलटून पाहिला. मागे त्याच्याच स्टुडिओचा शिक्का होता, आणि त्याला सगळं आठवलं. कॅमेरा जुना होता, फोकसची रिंग हातानं फिरवावी लागायची; ज्याच्यावर रिंग जुळवावी तो स्पष्ट, बाकीचे अंधुक. बोटं त्याचीच होती. आणि रिंग फिरवायच्या आधी तो म्हणाला होता, "बाई, तुमी जराशा मागं व्हा, सरपंचसाहेबाले पुढं येऊ द्या."

त्यानं फोटो पुन्हा सुलटा करून ठेवला. "चार दिवसांनी या," एवढंच म्हणाला. "अशी चकाचक करून देतो का गाव पाहत राहीन."

चार दिवसांनी त्यानं स्क्रीन विमलबाईंकडे वळवली. चेहरा काचेसारखा स्वच्छ होता. डोळ्यांत चमक, भुवया रेखीव, कांती उजळ. विमलबाईंनी चष्मा लावला, काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"बाई चांगली हाये," त्या म्हणाल्या. "पन टाकी हिनं नाही बांधली."

हेमसिंगला लागलं ते. "बाई, तुमीच हा. कॉम्प्युटरनं तुमच्याच फोटोवरून काढली."

"मंग हे तीन ठिपके कुठं गेले?" विमलबाईंनी हनुवटी पुढे केली. गोंदणाचे तीन हिरवे ठिपके होते. "आजीनं मांडीवर धरून गोंदवले, मी रडून रडून गाव गोळा केलं होतं. अन् ह्या भुवईले इळा लागला होता, तिथं केस नाही उगवत. तुह्या कॉम्प्युटरनं उगवले. मी गोरी तर कधीच नोती. अशी बाई त्या भिंतीवर लावन्यापरीस जानरावच राहू दे. तो निदान खराखुरा तरी हाये!"

त्या गेल्या. हेमसिंगची घमेंड त्यांच्यामागून दाराबाहेर गेली.

त्यानं ठिपके हातानं रंगवून पाहिले. परक्या बाईला टिकल्या चिकटवल्यासारखे दिसले. सॉफ्टवेअरचा जोर वाढवला तर भलतीच तिसरी बाई आली, कमी केला तर पुन्हा पाण्याखालची. दोन दिवसांनी त्याला मर्म कळलं. यंत्रानं विमलबाईंना पाहिलंच नव्हतं. जे पाहिलं नाही ते यंत्र हजारो परक्या चेहऱ्यांतून उचलून भरतं. त्याला दोष काय द्यायचा? समोर उभ्या असलेल्या बाईकडे हेमसिंगनं तरी कुठं पाहिलं होतं? ह्या विचारानं तो मनापासून शरमला.

सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. त्याच माणसाचा दुसरा स्पष्ट फोटो दाखवला, तर यंत्र त्यावरून दुरुस्ती करायचं. पण स्पष्ट फोटो आणायचा कुठून? पंधरा ऑगस्टला आठ दिवस उरले होते.

त्याची बायको हिरीबाई जुन्या निगेटिव्ह ठेवलेला बिस्किटांचा डबा वर्षानुवर्षं रव्यासाठी मागत होती. सुदैवानं हेमसिंग बायकोचं ऐकत नसे. त्या सकाळी त्यानं डबा उघडला, उद्घाटनाचा रोल काढला आणि पट्ट्या एकेक करून उजेडात धरल्या. जानराव स्पष्ट, बाई अंधुक. पुन्हा जानराव स्पष्ट, बाई अंधुक. शेवटी हाती आली ती लाल फुलीची पट्टी. वाया गेलेल्या फोटोंवर तो अशी फुली मारायचा आणि ते कधीच छापायचा नाही.

तो ती बाजूला ठेवणार, इतक्यात हात थांबला. वाया गेलेला म्हणजे काय? ज्यात जानराव अंधुक आले तो. मग त्यात स्पष्ट कोण आलं असेल?

त्यानं भिंग लावलं. आमदारांची गाडी आली म्हणून जानराव गर्रकन वळले होते आणि गडबडीत रिंग जरा जास्त फिरली होती. पुढे जानरावांचा नुसता ढग होता. त्या ढगाआडून अर्धा चेहरा दिसत होता, अर्धाच, पण लख्ख. एक डोळा, विळ्याची भुवई, आणि हनुवटीवरचे तीन ठिपके.

"हिरे!" तो एवढ्यानं ओरडला की हिरीबाई पोळपाट टाकून धावत आली. "रवा इसर. सरपंच सापडली!"

त्यानं तो अर्धा चेहरा स्कॅन करून यंत्रापुढे ठेवला. चेहरा उजळ करायचं, गुळगुळीत करायचं बटण बंद केलं. ठिपके यंत्र मळ समजून पुसू लागलं की तो मागे घ्यायचा, पुन्हा चालवायचा. तीन दिवस तो असा बसला. कान आणि अंबाडा कुठंच नीट दिसत नव्हते. ते त्यानं अंधुकच राहू दिले. माहीत नाही ते भरायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

विमलबाई आल्या. स्क्रीनसमोर बसल्या. स्क्रीनवरून चाळीस वर्षांची एक सावळी बाई त्यांच्याकडे रोखून बघत होती. विमलबाईंचं बोट आपल्याच हनुवटीवर गेलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "हे मीच." आणि त्यांचे डोळे भरून आले.

हेमसिंगला आता राहवेना. "बाई, त्या दिवशी तुमाले मागं व्हा म्हननारा मीच होतो."

"मले ठाऊक हाये," विमलबाई डोळे पुसत म्हणाल्या. "म्हनूनच तर तुह्याचकडं आली. ज्यानं मागं सारलं, त्यानंच पुढं आनावं."

पंधरा ऑगस्टला नव्या इमारतीच्या सभागृहात जुन्या फ्रेम सकाळीच लागल्या होत्या. झेंडावंदन झाल्यावर साधना खरोखरच स्टुलावर चढली. तिनं जानरावांची फ्रेम उतरवून त्यांच्या हातात दिली आणि त्या नावाच्या वर विमलबाईंची लावली. आधी एका कोपऱ्यातून टाळी आली, मग टाकीचं पाणी भरणाऱ्या बायांनी सगळं सभागृह डोक्यावर घेतलं. "आपली सरपंच!" कुणीतरी ओरडलं. विमलबाई ताठ उभ्या होत्या आणि लपवायचा काडीचाही प्रयत्न न करता हसत होत्या.

जानराव फ्रेम पोटाशी धरून भिंतीकडे बघत होते. "इतकी कडक दिसत होती का हे?" ते पुटपुटले.

"तुमी पाह्यलं असतं, तं दिसली असती," विमलबाई म्हणाल्या.

मग सगळ्यांना फोटो हवा झाला. हेमसिंगनं मुद्दाम घरून जुना कॅमेरा आणला होता, रिंगवाला. सवयीनं जानराव पुढे येऊन मिशीवर हात फिरवत उभे राहिले.

हेमसिंगनं कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला.

"जानरावभाऊ," तो खणखणीत आवाजात म्हणाला, "तुमी जरासे मागं व्हा. सरपंचबाईले पुढं येऊ द्या."

जानरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ते दोन पावलं मागे गेले. हेमसिंगनं रिंग फिरवली, तीन ठिपके मोजले आणि बटण दाबलं.

फोटो झकास आला. विमलबाईंच्या खांद्यामागे जानराव जरा अंधुक आले आहेत, पण त्यांना स्पष्ट करायला हेमसिंगनं अजून कॉम्प्युटर उघडलेला नाही.