सेनेटरचा सौदा

माझ्या ओरेस्टमामाकडे एक एडका होता, त्याचं नाव सेनेटर. मॅनिटोबातल्या त्या शेतावर तीन पिढ्या गहू पिकला, पण सेनेटरइतकं नाव कशाचंच झालं नाही. तो माणसाकडे आधी नीट बघायचा, दोन पावलं मागे सरकायचा आणि मग ढुशी द्यायचा. पोस्टमन टपाल रस्त्यावरच्या खांबाला लटकवून जायला लागला, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. पण जूनमध्ये स्टेलामामी कपडे वाळत घालत असताना सेनेटरने तिला मागून उडवलं आणि ती ओल्या चादरीसकट टोपलीत जाऊन बसली.

"एक तर तो राहील, नाहीतर मी," मामी म्हणाली.

मामा विचार करू लागला. तिथेच त्याचं चुकलं.

सेनेटरला विकत घ्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी मीच तोडगा काढला. पेलिकन बेंडला नदीकाठी कातड्यांच्या व्यापाराची जुनी वखार आहे, आता पर्यटकांना जुना काळ दाखवायला जपलेली. उन्हाळ्यात तिथे देवघेवीचा दिवस असतो. आपल्या शेतातलं काहीही न्यायचं आणि बदल्यात साबण, मेणबत्त्या असलं काहीतरी घेऊन यायचं. लोक मध नेतात, बीट नेतात. आम्ही सेनेटरला पिकअपमध्ये चढवलं.

वखारीचा कारकून लायल देझार्ले. लांब कोट, कमरेला विणलेला रंगीत पट्टा. आपण दारातून आत गेलो की त्याच्या लेखी साल अठराशे चाळीस. कुणी टॉयलेट कुठे विचारलं, तरी "तो माल आमच्याकडे येत नाही" म्हणणारा माणूस.

"आपले येणे कोठून जाहले?" लायलने विचारलं. "आणि हे जनावर कशास आणिले?"

"देवघेवीला," मामा म्हणाला. "बदल्यात काही नको."

"फुकट घेणे वखारीस मना आहे. दोन घोंगड्या न्याव्या."

"दोन फार होतात. एक मेणबत्ती दे."

"शिंगे पाहता एक घोंगडी तरी न्यावीच."

"अर्धी मेणबत्ती."

"ओरेस्ट, फार ताणू नकोस," मामी कुजबुजली. "सौदा मोडेल."

एवढ्यात सेनेटरने लायलकडे नीट बघितलं आणि दोन पावलं मागे सरकला. मामाने समोरची तांब्याची किटली उचलली, घाईघाईने लायलशी हात मिळवला आणि आम्ही तिघं बाहेर पडलो. आतून फळ्या कोसळल्याचा आवाज आला. पाठोपाठ लायलचा, जरा चिरकलेला: "जनावर मोठे तालेवार आहे."

पहिला आठवडा फार सुखाचा गेला. मग सेनेटर गेल्याची बातमी पसरली. व्हॅक्यूम क्लीनर विकणारा आला. विमावाला आला, जेवून गेला. मग मामाचा चुलतभाऊ नेस्टर आला, जो आठ वर्षांत इकडे फिरकला नव्हता. त्याने गुडघ्याच्या ऑपरेशनचे फोटो आणले होते, आणि राहायची बॅगही. तिसऱ्या दिवशी नाश्त्याला तो म्हणाला, "हा झाला उजवा. आता डावा बघा." मामी शांतपणे उठली, पर्स घेतली आणि मला म्हणाली, "डार्का, गाडी काढ. एडका आणायचाय."

वखारीत लायल उभा होता. स्टुलावर बसणं त्याला सध्या जमत नव्हतं. घेऊन जा एकदाचा, असं त्याचे डोळे सांगत होते, पण तोंड अठराशे चाळीसचं होतं.

"सौदा जाहला तो जाहला. परत न्यावयाचा तर बदली माल हवा."

"लायल, तुझ्या आईला मी शाळेपासून ओळखते," मामी म्हणाली. "सरळ बोल, काय पाहिजे?"

लायलने इकडेतिकडे पाहिलं. दोनच पर्यटक होते, तेही शेगडीपाशी. तो पुढे वाकला.

"काकू, चार उन्हाळे झाले. लोकांसमोर रोज सुकं मांस चघळतोय, आवडल्यासारखं. आई म्हणते, तुमच्यासारख्या वरेनिकी कुणाला जमत नाहीत. त्या बटाटा भरलेल्या, उकडलेल्या करंज्या." मग तो सरळ झाला आणि मोठ्याने म्हणाला, "विचार करोन कळवावे."

रविवारी काम आटोपून, कपडे न बदलताच, तो सेनेटरला घेऊन शेतावर आला. एडका गाडीतून उतरताना दिसला, तसं नेस्टरला एकदम आठवलं की त्याला घरी जायचंय.

लायल उभ्यानेच जेवला. सव्विसाव्या वरेनिकीनंतर तो माणसासारखा बोलायला लागला. हिवाळ्यात तो शाळेत गणित शिकवतो म्हणे. आजोबांचंही असंच शेत होतं, पण तो ट्रॅक्टर शिकायच्या वयाचा व्हायच्या आत विकलं गेलं. त्याची ती एक रुखरुख राहिली होती.

मामाने खुंटीवरची किल्ली काढून लायलच्या ताटाशेजारी ठेवली.

थोड्या वेळाने शेजारच्या ॲग्नेसचा फोन आला. "स्टेला, तुमच्या गव्हाच्या कडेने भूत ट्रॅक्टर चालवतंय. लांब कोट घातलेलं."

"भूत नाही, वखारीचा कारकून आहे," मामी म्हणाली.

"येतो का त्याला चालवता?"

मामीने खिडकीतून पाहिलं. "नाही," ती म्हणाली, आणि पुढच्या वरेनिकी उकळत्या पाण्यात सोडल्या.